घाट चढून उतरणारी संख्या : प्रस्तावना

कर्जत स्टेशनात मालगाडी उभी राहिली की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. घाट चढायचा तर मागून बँकर इंजिनं लागायला हवीत, आणि ती लागेपर्यंत वाघिणींची रांग तिष्ठत राहते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी फलाटावरच्या बाकड्यावर बसलो होतो. पलीकडे खोपोलीच्या लोकलची वाट पाहणारी शाळेची पोरं वाघिणींवरचे अकरा आकडी क्रमांक वहीत उतरवून घेत होती. एक जण शेवटचा आकडा हाताने झाकून धरायचा आणि बाकीच्यांनी उरलेल्या दहा आकड्यांवरून तो ओळखायचा. पोरं ओळखत होती. एकदाही चुकली नाहीत.

त्यांच्याबरोबर त्यांच्या गणिताच्या बाई होत्या. युक्ती त्यांनीच शिकवली होती. वाघिणीच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं साल, नंतरचे चार अनुक्रमांक. अकरावा आकडा मात्र काहीच सांगत नाही, तो नुसता पहारेकरी असतो. डावीकडून मोजत सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करायची, तिची तिप्पट करायची, तीत विषम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज मिळवायची; उत्तर पुढच्या पूर्ण दहापर्यंत न्यायला जेवढे कमी पडतील तेवढा तो अकरावा आकडा. नमुन्यादाखल ३१२४१२१२३४ घ्या. सम स्थानांची बेरीज १३, तिची तिप्पट ३९, विषम स्थानांचे १०, एकूण ४९. पन्नासाला एक कमी, म्हणून शेवटचा आकडा १. कुठलाही एक आकडा लिहिताना चुकला तर हा हिशेब जुळत नाही, कारण ३ आणि १० यांना सामाईक विभाजक नाही. एवढ्या साध्या कारणावर देशभरातल्या वाघिणींची नोंद सांभाळली जाते.

त्याच बाईंनी लिहिलेलं पुस्तक आता तुमच्या हातात आहे. त्या खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतात. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्टेशनं त्यांना दिवसातून दोनदा भेटतात आणि पुस्तकाचा बराच भाग त्या गाडीतच लिहिला गेला आहे. हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं होतं, रेल्वेचे क्रमांक, आधारचे क्रमांक असं काहीतरी असेल. उघडून पाहिलं तर सगळं पुस्तक एकाच संख्येवर होतं. संख्या ही :

१२३४५६७८९८७६५४३२१

माझी पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसालाही एका संख्येवर चार पानांपेक्षा जास्त सुचणं कठीण. वाचून संपवलं तेव्हा लेखिकेने बरंच काही गाळलं आहे अशी माझी तक्रार उरली होती.

आधी ही संख्या वाचायची कशी ते पाहू. सतरा अंक आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत एक, दश, शत अशी सुरुवात करून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली. आपली संख्या त्यातल्या सतराव्या स्थानापासून सुरू होते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. नऊ अर्बुद हा माथा. तिथून उतार लागतो : आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मोठ्याने म्हणून पाहा. कर्जतहून खंडाळ्याला चढणारी गाडी जशी आवाज बदलत जाते तसं काहीसं होतं.

आकडे कसे म्हणायचे यावरून महाराष्ट्रात २०१९ साली केवढं वादळ उठलं होतं ते वाचकांना आठवत असेल. दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असंही म्हणायला सुचवलं होतं. पावकी-निमकी म्हणत वाढलेल्या माझ्या पिढीला ते खटकलं, मलाही खटकलं. पण बालभारतीच्या त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. वैश्लेषिक अंकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या आणि ‘गणितगप्पा’ लिहून मुलांशी गप्पा मारणाऱ्या बाईंना मूल कुठे अडतं ते आपल्यापेक्षा जास्त कळत असावं, एवढी शंका मला आज येते.

नावांपेक्षा मोठी गोष्ट स्थानमूल्याची. आपल्या डोंगररांगेत उत्तरेला जुन्नरच्या वाटेवर नाणेघाट आहे. तिथल्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात यज्ञांत दिलेल्या गायी-घोड्यांचे आणि कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत, थेट हजारांच्या घरातले. पण तिथे दहासाठी वेगळं चिन्ह, शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. शून्य नाही, स्थान नाही. त्या लिपीत आपल्या सतरा अंकी संख्येला आकारच आला नसता. ही संख्या घाटासारखी दिसते ती स्थानमूल्याच्या कृपेने. ती मुळात आहे नऊ एकांचा वर्ग, १११११११११ गुणिले १११११११११. पाटीवर उभा गुणाकार मांडा : नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या उभ्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, मग तीन, मध्यावर नऊ, पुन्हा आठ. हातचा कुठेच येत नाही.

आणि दहा एक घेतले तर? मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा येतो, आणि डोंगर ढासळतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, मध्ये दोन शून्यं. पोरांना ही संख्या पहिलीपेक्षा जास्त आवडते असा लेखिकेचा अनुभव आहे. माझाही.

या घराण्याच्या संख्यांना नाव देणारा माणूस आपल्याच लाइनीवरचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले, ठाण्याला शिकले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. मुंबईहून तीस मैलांवर जीआयपी रेल्वेच्या एका स्टेशनावर त्यांना एक कल्पना सुचली आणि त्या संख्यांना त्यांनी स्टेशनाचंच नाव दिलं : डेमलो. ते डेमलो म्हणजे आजचं डोंबिवली असं सांगतात. कर्जत लोकलने रोज डोंबिवली ओलांडणाऱ्या हजारो माणसांना हे ठाऊक नाही. फलाटावर एखादी पाटी लागायला हरकत नव्हती.

मूळ डेमलो संख्या म्हणजे जिच्या दोन्ही टोकांची बेरीज मध्ये पुन्हापुन्हा येते ती : १६५ मध्ये एक आणि पाच मिळून सहा, २५५३ मध्ये दोन आणि तीन मिळून पाच, दोनदा. टोक एकाहून अधिक अंकांचंही चालतं; १२१, १२३२१ आणि आपली सतरा अंकी संख्या हे त्यातलं नवलाचं कुळ. के. आर. गुंजीकर यांच्यासोबत कापरेकरांनी १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये याची रीतसर उपपत्ती छापली. म्हणजे हा रिकामपणाचा चाळा नव्हता. पण लोक तसं समजले, आणि कापरेकरांना आपल्या पुस्तिका पदरचे पैसे घालून छापाव्या लागल्या.

त्यांची जगप्रसिद्ध संख्या अर्थात ६१७४. भोर घाटातून रेल्वे सुरू झाली ते साल घ्या, १८६३. त्यातले आकडे उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा : ८६३१ वजा १३६८, उत्तर ७२६३. पुन्हा तेच करा : ५२६५, मग ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सहाव्या पायरीला ६१७४. तिथे गाडी थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. हे त्यांना १९४६ साली सापडलं आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं.

हर्षद संख्या त्यांच्याच : आपल्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. स्वयंभू संख्याही त्यांच्याच. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये ३ मिळवले की २४. मग २१ ही २४ ची जननी. पण काही संख्यांना अशी जननीच नसते, त्या स्वयंभू. लेखिकेने हे आपल्या परिसरातल्या गावांना लावून पाहिलं आहे आणि तो भाग मला फार आवडला. खालापूरचा पिनकोड ४१०२०२; अंकांची बेरीज ९, नवाने भाग जातो, म्हणून खालापूर हर्षद. कर्जतचा ४१०२०१, बेरीज ८ आणि संख्या विषम, तेव्हा हर्ष नाही, पण ४१०१७९ ही त्याची जननी सापडते. खोपोलीचा ४१०२०३. याला जननी शोधत बसलात तर सापडणार नाही. खोपोली स्वयंभू. महडचा वरदविनायक शेजारीच असताना वेगळं काय होणार, असं पोरं म्हणाली म्हणे. सगळं तपासून पाहायला वहीचं एक पान पुरतं. जननीच्या अंकांची बेरीज कोणती असू शकते ते नवाच्या भागाकाराने आधीच आवळता येतं, मग पाच-सहाच संख्या पाहाव्या लागतात.

आपली सतरा अंकी संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने पूर्ण भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. आठ वगळून लिहिलेला हा १२३४५६७९ गणिताच्या मास्तरांचा जुना मित्र. त्याला नवाने गुणलं की नऊ एक.

इथे एक भांडण उभं राहतं आणि ते टाळून या विषयाची ओळख करून देता येणार नाही. जी. एच. हार्डी यांनी १९४० साली आपल्या ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात असल्या गोष्टींना कोड्यांच्या रांगेत बसवलं. ८७१२ ही २१७८ ची चौपट आहे, आकडे बरोबर उलटे; असेल, पण त्यातून गणितज्ञाच्या हाती काही लागत नाही, असा त्यांचा निकाल. कारण स्पष्ट आहे. दशमान सोडा, आठाच्या किंवा बाराच्या पायावर मोजा, की हे चमत्कार विरून जातात. ते लिहिण्याच्या पद्धतीचे गुण, संख्येचे नव्हेत. कापरेकरांचं बहुतेक काम या तराजूत हलकं ठरतं. भारतीय गणितज्ञांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली ती याच तराजूच्या जोरावर.

हार्डींचा भेद खरा आहे, तो मी मान्य करतो. त्यावरून काढलेला निकाल मला मान्य नाही. आमचीच संख्या साक्षीला घ्या. आठाच्या पायावर सात एक लिहून त्यांचा वर्ग करा. १२३४५६७६५४३२१ मिळेल, तोच घाट, माथा फक्त सातावर. पाया कोणताही असो, त्याच्याहून एकाने कमी इतके एक घेतले की घाट बरोबर त्या माथ्यापर्यंत चढतो. म्हणजे जे दशमानाचं कौतुक वाटत होतं ते बहुपदींच्या गुणाकाराचं सत्य निघालं. दशमान हा त्याचा नुसता एक पोशाख. पोशाखाकडे पाहून माणूस ओळखायचा नाही हे खरं, पण पोशाखावरून चौकशी सुरू करायला काय हरकत आहे? गंमत अशी की हार्डींनी ज्या टॅक्सीचा क्रमांक रामानुजनना नीरस म्हणून सांगितला, तो १७२९ हर्षद आहे : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१. आकडे पुन्हा बरोबर उलटे.

आता पोशाखाच्या आत. नऊ एकांचे अवयव पाडले तर ३ चा वर्ग, ३७ आणि ३३३६६७ मिळतात. शेवटचे दोन्ही मूळ. आपल्या संख्येत या सगळ्यांचे घात दुप्पट, म्हणून तिला बरोबर ४५ विभाजक आहेत. विषम, कारण ती वर्ग आहे. ही माहिती कोणत्याही पायावर बदलत नाही. पुढे प्रश्न येतो : या संख्येचे दोन वर्गांत तुकडे पडतील का? फर्माने सतराव्या शतकात ओळखलं आणि ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलं की विषम मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते ती चाराने भागून एक उरला तरच. ३ ला तीन उरतात, ३३३६६७ लाही तीन. या तिघांत दार उघडं आहे ते एकट्या ३७ चं. आणि ३७ चा वर्ग म्हणजे १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग. ते दार उघडलं की आत हे दिसतं :

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१

कर्ण नऊ एकांचा आणि दोन्ही भुजा पूर्णांकी, असा काटकोन त्रिकोण एकच आहे, दुसरा नाही. आणि १२, ३५ ही जोडी बौधायन शुल्बसूत्रात वेदी मापणाऱ्यांसाठी दिलेल्या मोजक्या जोड्यांपैकी एक आहे. हस्तलिखितात हे पान आलं तेव्हा मी चहा बाजूला ठेवला. वेदी, फर्मा आणि डोंबिवली स्टेशन एका समीकरणात बसलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

अंकशास्त्राचा इतिहास नवख्या वाचकाला सांगायचा तर साधारण असाच सांगावा, एका संख्येचा हात धरून. आपल्याकडे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं शोधण्याची जिद्द फार जुनी. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली पाया घातला, भास्कराचार्यांनी बीजगणितात चक्रवाल पद्धत परिपूर्ण रूपात मांडली. त्यांचं उदाहरण वाचून आजही थक्क व्हायला होतं : कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवला की पुन्हा वर्गच येतो? सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० चा वर्ग, आणि येणारा वर्ग १७६६३१९०४९ चा. फर्माने १६५७ साली हाच ६१ युरोपातल्या गणित्यांपुढे आव्हान म्हणून टाकला. त्याचं उत्तर इकडे पाचशे वर्षं तयार होतं. त्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, आणि तो उजेडात आणला आपल्या भाऊ दाजींनी.

युरोपात गाउसच्या १८०१ मधल्या ग्रंथापासून या विषयाला शास्त्राची शिस्त आली. १८५९ साली रीमानने मूळ संख्यांची वाटणी एका फलाच्या शून्यांशी जोडली आणि एक नवं घराणं नावारूपाला आलं, वैश्लेषिक अंकशास्त्राचं. हे पुस्तक त्या घराण्याच्या दाराशी जाऊन परत फिरतं, आणि शाळकरी वाचकासाठी ते योग्यच आहे. तरी एक माणूस सांगायलाच हवा. गोव्याच्या कोसबें गावचे दामोदर धर्मानंद कोसंबी १९४६ पासून सोळा वर्षं टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करत. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण उत्तरायुष्यात मूळ संख्यांनी त्यांना झपाटलं होतं. संभाव्यतेच्या वाटेने रीमानच्या कोड्याला हात घालण्याचा त्यांचा प्रयत्न गणितज्ञांनी स्वीकारला नाही. काही लेख त्यांनी एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापले; मराठी कानाला त्यात काय ऐकू येतं ते सांगायला नको. कर्जतवरून जाणाऱ्या त्या गाडीच्या खिडकीशी बसून त्यांनी किती मूळ संख्या चाळल्या असतील कोण जाणे.

मोठ्या संख्येचे अवयव पाडणं हे काम किती अवघड आहे ते एका गोष्टीने कळतं. दोनाच्या ६७ व्या घातातून एक वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ येतात. मेर्सेनने १६४४ साली ही मूळ संख्या असल्याचं ठोकून दिलं. ल्यूकाने १८७६ साली ती मूळ नाही हे दाखवलं, पण अवयव त्यालाही सापडले नाहीत. ते सापडले १९०३ साली अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल यांना : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार सातवीतलं पोर तासाभरात करील. उलटा प्रवास करायला अडीचशे वर्षं लागली. तुमच्या मोबाइलमधल्या पैशांच्या व्यवहारांची राखण करणाऱ्या कुलुपांपैकी एक जुनं आणि अजून चालणारं कुलूप याच विषमतेवर बसवलेलं आहे : गुणणं सोपं, फोडणं महाकठीण. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची ही पद्धत सर्वसामान्य वाचकांपुढे १९७७ साली आली ती मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून, १२९ अंकी संख्या फोडून दाखवा या आव्हानासकट. ती फुटली १९९४ साली. आणि याच गार्डनरनी त्याच सदरात मार्च १९७५ मध्ये देवळालीच्या एका निवृत्त मास्तरांची जगाला ओळख करून दिली होती. रंजन आणि गंभीर यांच्यातली भिंत किती जाड आहे ते यावरून ठरवा.

संख्या मूळ आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल तर मात्र अवयव लागत नाहीत. कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल, नितीन सक्सेना यांनी २००२ साली त्याची जलद आणि खात्रीची रीत दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली विक्रमी मूळ संख्या, दोनाच्या १३६२७९८४१ व्या घातातून एक वजा, ४ कोटींहून अधिक अंकांची आहे. अशा विक्रमांचं मला स्वतःला फारसं आकर्षण नाही. एकामागून एक नुसते एक लिहून मूळ संख्या किती मिळतात, हा प्रश्न मला जास्त छळतो. दोन एकांची ११ मूळ आहे, एकोणीस एकांची मूळ आहे, तेवीस एकांची मूळ आहे, मग थेट ३१७ आणि १०३१ एकांची. अशा संख्या अनंत आहेत का, हे कुणालाही माहीत नाही. शाळेतल्या पाटीवर मांडता येणारा आणि कुणीही न सोडवलेला प्रश्न मुलांपुढे ठेवण्याची हिंमत या पुस्तकात आहे, म्हणून मी ते शिक्षकांना आग्रहाने सुचवतो.

आणखी एक निकडीचं कारण. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बारा आकड्यांतला शेवटचा इथेही पहारेकरीच, पण वाघिणीवरच्यापेक्षा हुशार. वाघिणीच्या हिशेबात शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले आणि त्यांच्यात पाचाचा फरक असला तर चूक निसटते. आधारला वापरलेली व्हेरहॉफ यांची १९६९ ची रीत शेजारच्या दोन आकड्यांची कोणतीही अदलाबदल पकडते. कातकरी वाडीवरचा म्हातारा रेशन दुकानात आपला क्रमांक सांगतो तेव्हा त्याच्या बाजूने एवढं गणित उभं असतं. ते त्याच्या नातवाला समजावं, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

पुस्तक निर्दोष नाही. लेखिकेला संख्येचा इतका लळा आहे की जागोजागी ती बोलते, रुसते, लाजते; मला ते दोन-चार ठिकाणी जड गेलं. १/३३३६६७ ची आवर्ती मांडणी (२९९७ हे चार अंक शून्यांच्या मागे लपून पुन्हापुन्हा डोकावतात) हा सुंदर विषय त्यांनी एका परिच्छेदात उरकला. उलट ताळा पाहण्याच्या रीतींवर अर्धी पानं कमी चालली असती. पण सिद्धता जिथे द्यायला हवी तिथे ती दिली आहे, आणि नुसता चमत्कार दाखवून वाचकाला टाळ्या वाजवायला सोडलेलं नाही. मराठीत अंकांच्या गमतींची पुस्तकं पुष्कळ आहेत, ‘का’ विचारणारी मोजकी.

वाचताना पेन्सिल हाताशी ठेवा. आणि एक विनंती. सतरा अंकांची ही संख्या पुस्तकात शेकडो वेळा येते, आणि छापखान्यात कुठे ना कुठे एखादा आकडा पडणार हे मी अनुभवाने सांगतो. शंका आली तर अंकांची बेरीज करा, ८१ भरली पाहिजे. तेवढ्यावर विसंबू नका, दोन आकड्यांची जागा बदलली असेल तर बेरजेला पत्ता लागत नाही. मग ती उजवीकडून डावीकडे वाचून पाहा. तरीही जुळली नाही तर लेखिकेला एक कार्ड टाका.